तळहातावरची शाळा

हेलन केलरची गोष्ट बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असते, पण ती एका दृश्यापाशीच थांबलेली. पाण्याचा पंप, एका हातावर पाण्याची धार, दुसऱ्या तळहातावर अक्षरे काढणारी बाईंची बोटे, आणि पावणेसात वर्षांच्या आंधळ्या-बहिऱ्या पोरीला अचानक उमगलेले की जगातल्या प्रत्येक गोष्टीला नाव असते. तारीख 5 एप्रिल 1887. लोक याला चमत्कार म्हणतात. चमत्कार म्हटले की एक सोय होते, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही.

खरी हकीकत पंपाच्या बरीच आधी सुरू होते. ॲन सुलिव्हन अलाबामातल्या टस्कंबियाला केलरांच्या घरी पोचल्या 3 मार्चला. तेव्हा त्यांचे वय वीस होते. लहानपणी खुपऱ्यांनी त्यांची नजर अधू केली होती, आई वारल्यावर धाकट्या भावासह त्यांची रवानगी अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात झाली, तिथेच तो भाऊ गेला. चौदाव्या वर्षी त्या बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाल्या आणि सहा वर्षांनी वर्गात पहिल्या येऊन बाहेर पडल्या. याच शाळेत लॉरा ब्रिजमन राहत होत्या. डॉ. सॅम्युअल हाउ यांनी 1837 पासून या बधिरांध मुलीला भाषा शिकवली होती. तळहातावर बोटांनी अक्षरे काढायची लिपी ॲन शिकल्या ती लॉराशी बोलता यावे म्हणून. केलरांकडची नोकरी ठरल्यावर हाउंनी लॉराच्या शिक्षणाविषयी लिहिलेले अहवाल त्यांनी महिनोन्‌महिने वाचून काढले. म्हणजे पंपापाशी उभ्या असलेल्या त्या तरुण बाईंच्या मागे पन्नास वर्षांचा अनुभव होता.

मधला महिना झटापटीचा. हेलन सगळ्यांच्या ताटांत हात घाली, चमचा हातात दिला की भिरकावून देई. आईवडिलांना तिची दया येई आणि ते तिचे सगळे चालवून घेत. ॲननी मुलीला घेऊन आवारातल्याच एका छोट्या घरात वेगळे बिऱ्हाड केले. लाडाकोडात वाढलेल्या लेकराला शिकवणाऱ्या कुठल्याही बाईंना हा निर्णय पटेल, घरच्यांना मात्र तो फार जड गेला. पुढे हेलन 1904 मध्ये रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाल्या. वर्गात शेजारी बसून प्राध्यापकांचे प्रत्येक वाक्य त्यांच्या हातावर लिहीत होत्या त्या ॲनच.

आपल्याकडे काय होते? मुंबईत माझगावला बधिरांसाठी शाळा 1885 मध्ये निघाली, अमेरिकन मिशनची अंधशाळा 1900 मध्ये. दोन्ही मोठी कामे. पण बधिरांची शाळा शिकवते ती डोळ्यांच्या भरवशावर, ओठ वाचून, खुणा पाहून. अंधशाळेची भिस्त कानांवर. ज्याचे डोळेही गेले आणि कानही, ते मूल या दोहोंच्या मधल्या फटीत पडे. दोन्हीकडून एकच उत्तर मिळे: आमच्याकडे सोय नाही. स्वतः हेलन केलर 1955 मध्ये भारतात येऊन गेल्या, मोठमोठे सत्कार झाले, पण अशा मुलांच्या शाळेसाठी आणखी बावीस वर्षे थांबावे लागले.

ती शाळा काढली बेरोझ वाच्छा यांनी, 1977 मध्ये, मुंबईत. हेलन केलर इन्स्टिट्यूट फॉर डेफ अँड डेफब्लाइंड ही बधिरांध मुलांसाठीची भारतातली पहिली संस्था. भायखळ्याला ना. म. जोशी मार्गावर महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत तिचे वर्ग भरत आले. ‘ब्लॅक’ हा 2005 चा चित्रपट पाहून रडलेल्या प्रेक्षकांतल्या फार थोड्यांना माहीत असेल, की राणी मुखर्जीने खुणांची भाषा शिकण्यासाठी याच संस्थेची मदत घेतली होती. पडद्यावरचा शिक्षक आरडाओरडा करतो, मुलीला खेचतो, पाण्यात ढकलतो. नाट्य म्हणून ठीक. वर्गातली पद्धत मात्र जवळजवळ याच्या उलट आहे.

तिचे पहिले सूत्र असे, की मुलाचा हात धरून ओढायचा नाही. शिक्षिका आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवते. ती भाकरी थापत असेल तर मूल तिच्या हातावर हात ठेवून थापणे अनुभवते. नको वाटले तर हात काढून घ्यायला ते मोकळे असते. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याचे हात हेच डोळे, कान आणि जीभ. ते पकडून ठेवले तर त्याला गप्प केल्यासारखेच होते.

दुसरी गोष्ट ओळखीची. अशा मुलाजवळ कोणीही येते ते न सांगताच येते. कोणीतरी एकदम उचलते, तोंडात घास कोंबते, अंगावर पाणी ओतते. म्हणून प्रत्येक माणसाची एक ठरावीक खूण असते. आत्याच्या बांगड्या, आजोबांच्या मिशा, आईच्या गळ्यातली पोत. आधी त्या खुणेला मुलाचा हात लावायचा, मग बाकीचे.

तिसरी गोष्ट म्हणजे वस्तूंचे कॅलेंडर. ओळीने मांडलेले खोके, पहिल्यात चमचा, दुसऱ्यात टॉवेल, तिसऱ्यात चप्पल. चमचा हाती आला की जेवण, टॉवेल म्हणजे आंघोळ, चप्पल म्हणजे बाहेर जाणे. काम उरकले की ती वस्तू ‘संपले’ या खोक्यात टाकायची. आपल्याला सकाळ-संध्याकाळ उजेडावरून कळते, या मुलाला दिवस कळतो तो खोक्यांवरून. पुढे काय होणार हे कळू लागले, की त्याचे डोके आपटणे, चावणे पुष्कळदा कमी होते. वस्तूंवरून खुणा, खुणांवरून बोटांची लिपी, मग ब्रेल. एकेका टप्प्याला महिने लागतात, कधी वर्षे. आणि एका मुलामागे एक माणूस लागतो. खर्चाचा कागद पुढे आला की नेमके इथेच अडते.

हे सगळे भायखळ्याला ठीक, पण बारामतीहून इंदापूरकडे जाताना दहाएक किलोमीटरवर लागणाऱ्या काटेवाडीसारख्या गावात? खरे तर शिकण्याचे सामान गावात जास्त. उंबरा, गोठा, दावे, शेणाने सारवलेली जमीन, उसाची धारदार पाती, सगळे हाताला आणि पायाला वेगवेगळे लागणारे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. जाणकार शिक्षिका असल्या प्रसंगाची तयारी आठवडाभर आधी करील. खोक्यात लोकरीचा पुंजका ठेवील, गोठ्यातल्या मेंढीची पाठ चाचपायला लावील, म्हणजे त्या दिवशी अनवाणी पायांना जमिनीची थरथर जाणवेल तेव्हा ती कशाची, हे मुलाला कळेल.

गावात अडचण येते ती मूल ओळखण्यात. बधिरांध म्हणजे पूर्ण अंधार आणि पूर्ण शांतता असे क्वचितच असते, बहुतेकांना थोडे दिसते किंवा थोडे ऐकू येते. एक कारण अशर सिंड्रोम हा आनुवंशिक विकार. त्यात मूल सहसा जन्मतः बहिरे असते, नजर पुढे हळूहळू जाते. पहिले लक्षण रातांधळेपणा. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेतून सुट्टीत घरी आलेला मुलगा दिवेलागणीला बाजेला धडकतो आणि घरचे त्याला धांदरट म्हणतात. हा दोष आईवडील दोघांनीही नकळत वाहिलेला असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जिथे टिकून आहे, तिथे असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. हे लग्नाच्या बैठकीत कोणी बोलत नाही, बोलायला हवे. दुसरे कारण रुबेला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला हा किरकोळ वाटणारा ताप-पुरळ झाला तर बाळाचे कान, डोळे आणि हृदय तिन्ही धोक्यात येतात. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम 27 नोव्हेंबर 2018 ला सुरू झाली. तेव्हा शाळाशाळांतून पसरलेल्या अफवा आठवतात ना? त्या अफवांनी अडवलेली लस हीच होती.

2011 च्या जनगणनेत बधिरांधांसाठी वेगळा रकानाच नव्हता. ते ‘एकाहून अधिक अपंगत्वे’ या एकाच पोत्यात गेले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले, त्यात बहुदिव्यांगत्वाखाली बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आला. त्याआधी 2012 मध्ये शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन बहुदिव्यांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना घरी शिकण्याचा हक्क मिळाला होता. म्हणजे काटेवाडीतल्या अशा मुलाच्या घरी शिक्षक यावा, हे आता कायद्यातच आहे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर वर्षातून दोनदा यायचे असतात. त्यांच्यापुढे ऐकू न येणारे मूल आणले, तर त्याचे डोळेही तपासून घ्यावेत, आणि न दिसणाऱ्याचे कान. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याची एसटी धरायची गरज प्रत्येक वेळी उरलेली नाही. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. घरी येऊन शिकवण्याची मागणी त्यांच्याकडेच करायची, लेखी. तो शिक्षक बधिरांध मुलांसाठीचे प्रशिक्षण घेतलेला आहे का, हेही त्याच अर्जात विचारून घ्यावे. नसेल तर बधिरांधांसाठीच काम करणारी, 1997 पासूनची सेन्स इंटरनॅशनल इंडिया ही संस्था अहमदाबादेत आहे आणि वाच्छाबाईंची शाळा मुंबईत.