दिवा लागला म्हणून सेन्सर बदलू नका

चामुंडी टेकडीच्या चढावर गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. अशी गाडी म्हैसुरातल्या माझ्या गॅरेजात आली की मालकच निदान सांगून मोकळा होतो : ऑक्सिजन सेन्सर गेला! स्कॅनरवर कोड दिसला म्हणून मी लगेच पार्ट मागवत नाही. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, एवढंच. सेन्सर बिचारा खरं बोलत असेल. दोष चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपचाही असतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल, तर बाहेरची हवा शिरून त्याचीच फसगत होते.

इंजिन चांगलं तापू द्यायचं, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरचं व्होल्टेज बघायचं. साध्या झिर्कोनिया सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खालीवर व्हायला हवा. तो ०.४५पाशी अडकला, ॲक्सिलरेटर झटकन दाबूनही ढिम्म, तर आधी कनेक्टर उघडतो. पिनांवर हिरवट गंज चढलेला सापडतो, विशेषतः पावसाळ्यात. पी ०१३५ आला तर सेन्सरच्या हीटरचा फ्यूज आधी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमागचा सेन्सर मात्र स्थिरच दिसतो. तो ‘हलत नाही’ म्हणून नाहक बदलणारेही बरेच आहेत.