डफाची थाप

लाकडाचे किंवा लोखंडाचे एक गोल कडे आणि त्यावर ताणून बसवलेले बकऱ्याचे कातडे, एवढेच डफाचे साहित्य. इतके साधे वाद्य क्वचितच आढळेल. तरीही चार माणसांना एकत्र आणून सर्वांच्या हिताची गोष्ट सर्वांसमक्ष सांगण्याचे मोठे कार्य या वाद्याने केले आहे.

शाहीर एका हाताने डफ सांभाळतो आणि दुसऱ्या हाताने त्यावर थाप मारतो. थाप मध्यावर पडली तर नाद घुमतो. कडेला पडली तर तो कडाडतो. कातडे जितके ताणलेले, तितका स्वर उंच. पावसाळी हवेत मात्र कातडे ओलावा शोषून सैल पडते. म्हणून कार्यक्रमापूर्वी डफ विस्तवावर शेकतात. त्यामुळे ओलावा उडून जातो, कातडे आवळते व डफ पुन्हा खणखणीत बोलू लागतो.

मुलांनो, असे वाद्य केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. उत्तर ध्रुवाजवळील बर्फाळ प्रदेशात राहणारे इनुइट लोकही कड्यावर कातडे ताणून आपले वाद्य तयार करतात. ते कातड्यावर नव्हे, तर कड्यावर काठीने आघात करतात. ग्रीनलंडमध्ये पूर्वी दोघांचे भांडण झाले, की ते लोकांसमोर या वाद्याच्या तालावर एकमेकांची उणी गाऊन दाखवीत. हातघाईवर न येता गाण्याने तंटा मिटे! २०२१ साली युनेस्कोने ग्रीनलंडच्या या कलेचा मानवजातीच्या वारशात समावेश केला.

आपल्या डफाने पोवाड्याला साथ दिली. १६५९ साली शिवछत्रपतींनी अफजलखानाचा वध केला. त्या प्रसंगावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा आजही उपलब्ध आहे. वर्तमानपत्रे नव्हती, त्या काळी पराक्रमाची वार्ता शाहीरच गावोगाव नेत असत. शाहिराने ओळ उचलावी आणि मागच्या झीलकऱ्यांनी ती झेलावी, अशी ही रीत.

पुढे परळ-लालबाग भागात कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातून व घाटावरून पोटासाठी आलेल्या माणसांनी तेथील चाळी भरून गेल्या. त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. पण पोवाडा ऐकण्यास अक्षरे लागत नाहीत. १९४३ साली अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. दूरच्या रशियातील एका शहराची झुंज मुंबईच्या कामगाराला आपली वाटली. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख व गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी सभा दणाणून सोडल्या. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले, त्यात शाहिरांच्या डफाचाही वाटा आहे.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. ज्या हातांनी कातडे कमावले आणि डफाची धाकटी बहीण जी हलगी ती वाजवली, त्यांना समाजाने शतकानुशतके अस्पृश्य मानले. मिरवणुकीच्या पुढे हलगी हवी; पण हलगीवाला देवळाबाहेर! नाद गोड मानणाऱ्यांनी माणूस मात्र दूर लोटला. अण्णा भाऊंचा जन्मही १९२० साली वाटेगावी अशाच एका उपेक्षित जातीत झाला. त्यांच्या शाहिरीने गावकुसाबाहेरचा आवाज सभेच्या मध्यभागी आणला.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांचे भोंगे थांबले, तरी शिवजयंतीला आणि महाराष्ट्र दिनाला डफ अजून कडाडतो. तो ऐकाल तेव्हा त्याच्या तालावर डोला. पण शाहीर काय सांगत आहे तेही ध्यान देऊन ऐका, आणि ज्याने ते कातडे मढवले त्याची आठवण ठेवा.