लांब पल्ल्याच्या नेमबाजीत दुर्बिणीचे विशालन

ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण निषिद्ध आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविले, ते छिद्रातून नेम धरूनच. दुर्बिणीस मुभा असलेल्या लांब पल्ल्याच्या लक्ष्यवेधात मात्र, विशालन जितके अधिक तितका नेम अचूक, अशी समजूत आढळते. ती भ्रामक होय. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या पठारावर उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत उठते. अशा वेळी लक्ष्याबरोबर ही थरथर, किंबहुना नेमबाजाच्या नाडीचा ठोकाही, तितकाच मोठा दिसतो. दृष्टिक्षेत्र आकुंचित होते आणि प्रकाशही उणावतो. ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगातून २५ पट विशालनास डोळ्याशी येणारी प्रकाशशलाका अवघी २ मिलिमीटर रुंद असते. म्हणून विशालन बदलता येणारी दुर्बीण घेऊन भर दुपारी ते कमी करणे श्रेयस्कर.

रेटिकलचा, म्हणजे नेमरेषांचा, विचारही यातूनच उद्भवतो. एक मिलिरेडियनची खूण १०० मीटरवर १० सेंटिमीटर, तर १,००० मीटरवर १ मीटर दाखविते. रेषा पुढील नाभिप्रतलात असल्यास हे मान प्रत्येक विशालनास खरे ठरते. मागील प्रतलात असल्यास एका ठराविक विशालनासच. परंतु मागील रेषा विशालन वाढले तरी बारीकच राहतात व लहानसे मध्यवर्तुळ झाकीत नाहीत. अंतर आधीच ठाऊक असलेल्या मैदानावर त्याच अधिक उपयुक्त.