अक्षय ऊर्जा आणि कर्बवायूचा हिशेब

वीज हा आता प्रत्येक व्यापाराचा कच्चा माल झाला आहे. किराण्याच्या दुकानातील दिव्यापासून डाळ-मिलच्या मोटारीपर्यंत आणि सराफी पेढीपासून शीतगृहापर्यंत, विजेवाचून कोणाचेही चालत नाही. ही वीज कशापासून निर्माण होते याची चौकशी पूर्वी व्यापारी करीत नसे. आता सरकारपासून परदेशी गिऱ्हाइकापर्यंत अनेकजण ती करू लागले आहेत. सूर्यप्रकाश, वारा व वाहते पाणी यांपासून मिळणाऱ्या, वापरून न संपणाऱ्या शक्तीस अक्षय ऊर्जा म्हणतात. अशी ऊर्जा वाढली की कर्बवायूचे उत्सर्जन तितकेच घटते, असा सर्वसाधारण समज आहे. आपल्यासारख्या विकसनशील देशात हा समज अर्धाच खरा ठरतो. तो का, हे हिशेबाच्या भाषेत मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ दर पाहू. कोळसा जाळून एक युनिट वीज निर्माण केली असता सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, वातावरणात जातो. सौर व पवन केंद्रांत वीज निर्माण होताना इंधन जळतच नाही. यंत्रसामग्री घडविताना जो कर्बवायू निघतो, तो त्या सामग्रीच्या सुमारे पंचवीस वर्षांच्या आयुष्यावर वाटून टाकला, तर कोळशाच्या मानाने फारच अल्प भरतो. तेव्हा कोळशाच्या एका युनिटाची जागा सूर्याच्या एका युनिटाने घेतली तर सुमारे एक किलोची बचत होते, यात शंका नाही. प्रश्न आहे तो ‘जागा घेतली’ या दोन शब्दांचा.

येथे एक भेद लक्षात ठेवावयास हवा. गोदामाची क्षमता निराळी आणि त्यातून विकला गेलेला माल निराळा. २०२५ च्या जूनअखेर भारतातील वीजकेंद्रांच्या एकंदर क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांव्यतिरिक्त साधनांची झाली. यात मोठी जलविद्युत् केंद्रे व अणुकेंद्रेही धरलेली आहेत. ही गोष्ट अभिमानास्पद खरी. परंतु सौर केंद्र रात्री बंद असते, ढगाळ दिवशी मंदावते, आणि वर्षाची सरासरी काढली तर आपल्या क्षमतेच्या सुमारे एकपंचमांश इतकेच काम देते. कोळशाचे केंद्र रात्रंदिवस चालू शकते. म्हणून क्षमतेत निम्मा वाटा गमावूनही २०२४-२५ या वर्षी देशातील सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासूनच निर्माण झाली.

आता दहा वर्षांची खतावणी उघडू. २०१४-१५ साली देशात सुमारे १,१०० अब्ज युनिट वीज निर्माण झाली. २०२४-२५ साली ती १,८०० अब्ज युनिटांच्या वर गेली. म्हणजे वाढ सुमारे ७०० अब्ज युनिटांची. याच अवधीत, मोठी जलविद्युत् केंद्रे वगळता, अक्षय साधनांची वीज सुमारे ६० अब्जांवरून २५० अब्जांवर गेली. ही चौपट वाढ असली तरी रकमेने ती १९० अब्जांचीच. उरलेली बहुतेक वाढ कोळशाने भागविली. नवा मुनीम उत्तम काम करू लागला. पण पेढीची उलाढाल त्याहून वेगाने वाढल्यामुळे जुन्या मुनिमाचेही काम वाढले, अशी ही स्थिती आहे.

व्यापाऱ्यास यात नवल वाटू नये. उलाढाल दुप्पट झाली व शेकडा खर्चाचे प्रमाण थोडे उतरले, तर दर कमी होऊनही एकंदर खर्चाची रक्कम वाढलेलीच असते. ब्रिटनचे उदाहरण याच्या उलट आहे. तेथे १८८२ साली लंडनमध्ये कोळशावर चालणारे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले आणि २०२४ च्या ३० सप्टेंबरला अखेरचे बंद झाले. परंतु तेथील विजेची मागणी २००५ नंतर घटत गेली होती. त्यामुळे समुद्रावरील पवनचक्क्यांच्या विजेला कोळशाची जागा घेता आली. आपल्याकडे अजून घराघरांत पंखे, शीतकपाटे व पाण्याच्या मोटारी येत आहेत. अक्षय ऊर्जेने मागणीच्या वाढीस मागे टाकल्यावाचून कोळशाची रक्कम उतरणार नाही.

यावरून अक्षय ऊर्जेचा खटाटोप व्यर्थ आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा होय. ते १९० अब्ज युनिटही कोळशापासून घ्यावे लागले असते, तर वर्षास आणखी सुमारे १८ ते १९ कोटी टन कर्बवायू हवेत गेला असता. शिवाय २०२५ च्या पूर्वार्धात निराळे चित्र दिसले. हवामान सौम्य असल्याने मागणी मंद वाढली, अक्षय वीज भरभर वाढली, आणि कोळशाची वीज आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा कमी भरली. अशी वर्षे नियमाने यावयाची तर दुपारची वीज संध्याकाळसाठी राखून ठेवण्याची सोय हवी. बॅटऱ्या, तसेच दिवसा पाणी उंच तलावात चढवून रात्री त्यावर वीज निर्माण करणारी केंद्रे, यांचे महत्त्व यातच आहे.

न्यायाचीही बाजू आहे. भारतात दरडोई कर्बवायूचे उत्सर्जन वर्षास सुमारे दोन टन, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. म्हणूनच भारताने २०२२ साली जे वचन दिले, ते एकंदर रक्कम घटविण्याचे नसून, २००५ च्या मानाने २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागील उत्सर्जन ४५ टक्क्यांनी उतरविण्याचे आहे. निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्यासाठी २०७० हे वर्ष ठरविले आहे. हे योग्यच आहे. तथापि वातावरणास दर कळत नाही. त्यास रक्कम तेवढी कळते. बाजारही आता हीच रक्कम विचारू लागला आहे. युरोपीय संघाने २०२६ च्या १ जानेवारीपासून आयात होणारे लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते इत्यादी मालावर, तो तयार होताना निघालेल्या कर्बवायूच्या प्रमाणात आकार लागू केला आहे. सिमेंट व खते यांच्या बाबतीत वापरलेल्या विजेचाही हिशेब त्यात धरला जातो.

मग आपण काय करावे? इंदूरचे उदाहरण मार्गदर्शक आहे. त्या शहरास नर्मदेचे पाणी जलूद येथून पंपांनी चढवून आणावे लागते व त्यास प्रचंड वीज लागते. तेथील महानगरपालिकेने २०२३ च्या फेब्रुवारीत जनतेकडून हरित रोख्यांद्वारे २४४ कोटी रुपये उभारले, ते जलूद येथील ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. येथे नवी चैन जोडलेली नाही. जो खर्च होतच होता, त्याचीच जागा सूर्याच्या विजेने घ्यावी अशी योजना आहे.

हीच कसोटी आपल्या छपरास लावावी. दहा किलोवॉटचा सौर संच वर्षास सुमारे १४,००० युनिट देतो. देशातील विजेची सरासरी, म्हणजे युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम, धरली तर दहा टनांच्या आसपास कर्बवायू वाचतो. परंतु वीज फुकटची झाली म्हणून दुकानात तितक्याच युनिटांचा वापर वाढविला, तर बिल तेवढेच राहते आणि बचतीची बाकी शून्य होते. यास्तव प्रथम वायफळ खर्च थांबवावा, मग संच बसवावा, आणि दळण, उपसा, शीतकरण यांसारखी कामे होता होईल तो भर उन्हाच्या वेळी उरकावी. गेल्या वर्षीचे व यंदाचे एकंदर युनिट शेजारी शेजारी लिहून ठेवावे.

अनर्थदंड-विरमण हे श्रावकाच्या व्रतांपैकी एक व्रत आहे. ज्या हिंसेत काहीही प्रयोजन नाही ती टाळावी, असा त्याचा आशय. निष्कारण जळणारा दिवा या व्रताच्या कक्षेत येतो, हे सांगावयास नको. जमेच्या बाजूस सूर्य उदार आहे. नावेची बाजू आवरणे मात्र आपल्याच हाती आहे.