मातीतील नाणी

बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठी भोन नावाचे गाव आहे. तेथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भरभराटीची वस्ती होती. या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि भाजलेल्या मातीच्या कड्यांनी बांधलेल्या विहिरी उजेडात आल्या.

जुन्या वस्तीच्या अशा जागेला आपल्याकडे ‘पांढरी’ म्हणतात. पहिल्या पावसाने वरची माती धुऊन गेली, की पांढरीत खापऱ्या, मणी आणि क्वचित एखादे नाणेही उघडे पडते. मग तेथे आणखी धन असेल, असा मोह काहींना होतो, आणि ते धातुशोधक यंत्र घेऊन येतात.

या यंत्रात तारेचे एक वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली, म्हणजे भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जवळच्या धातूत त्यामुळे सूक्ष्म प्रवाह उठतात. ते यंत्राला जाणवतात आणि यंत्र वाजू लागते. इ. स. १८८१ मध्ये ग्रॅहॅम बेल यांनी अशाच साधनाने अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्याचा यत्न केला. परंतु तो फसला. बिछान्यातील पोलादी तारांनी घोटाळा केला, असे सांगतात! नांगराचा मोडका फाळ आणि सातवाहनांचे नाणे हे दोन्ही यंत्राला धातूच.

यंत्र वाजले, की घाईने खड्डा खणला जातो. नाणे हाती येते खरे. पण ते कोणत्या थरात होते, शेजारी कोणते खापर वा कोणती वीट होती, हे कायमचे पुसले जाते. संशोधक कुंचल्याने माती हळूहळू दूर करतो आणि प्रत्येक वस्तूची जागा नोंदवून ठेवतो, तो याचसाठी. नाण्यामुळे थराचा काळ ठरतो, आणि थरामुळे नाण्याचा अर्थ कळतो.

शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा गावी १९३९ साली सातवाहनांच्या मिश्रधातूच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा सापडला. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती व भोवती राजाचे नाव, अशी ती नाणी. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती अक्षर अक्षर लावून वाचली. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी ही नावे पुराणांतील राजांच्या याद्यांत नाहीत. ती या नाण्यांनी जगाला सांगितली. साठा फुटून सोनारांच्या मुशीत गेला असता, तर हे राजे विस्मृतीतच राहिले असते.

१८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. संरक्षित स्थळी परवानगीवाचून खोदण्यास १९५८ च्या कायद्याने मनाई आहे.

भोनच्या पांढरीपुढे मात्र आणखी एक संकट आहे. पूर्णेवरील जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात ही जागा येते. पाणी चढले, की न वाचलेले थर त्याखाली जातील.