नकाशा काय सांगतो?

आमच्या वर्गात दोन नकाशे टांगले आहेत. एक महाराष्ट्राचा आणि एक आपल्या सातारा जिल्ह्याचा. पुष्कळ मुलं नकाशात गावांची नावं शोधायचा खेळ खेळतात. तो खेळ छानच आहे. पण गुरुजी म्हणतात, नकाशाला तीन प्रश्न विचारा. कुठे? किती लांब? आणि तिथेच का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, बरं का!

आधी नकाशा कसा वाचायचा ते सांगतो. नकाशाच्या वरच्या बाजूला उत्तर दिशा असते. भिंतीवर टांगला म्हणून उत्तर काही आभाळात जात नाही. नकाशा जमिनीवर पसरा, उत्तरेची बाजू खऱ्या उत्तरेकडे करा, की सगळ्या दिशा जागच्या जागी येतात. कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं असतं. १ सेंटिमीटरला ५ किलोमीटर असेल, तर पट्टीने मोजायचं आणि पाचचा पाढा म्हणायचा. सूचीमध्ये खुणा आणि रंग असतात. निळा रंग म्हणजे पाणी, हिरवा म्हणजे सखल जमीन आणि तपकिरी म्हणजे डोंगर.

आता इतिहास पाहू. १६५९ साली अफझलखान विजापुराहून निघाला आणि वाईला येऊन राहिला. नकाशात वाई कृष्णेच्या काठी मोकळ्या खोऱ्यात आहे. हत्ती, घोडे, तोफा यांना ती जागा सोयीची. शिवाजी महाराज होते जावळीत, प्रतापगडावर. आम्ही वाई ते प्रतापगड पट्टी लावली. साडेसहा सेंटिमीटर भरले. म्हणजे पक्षी सरळ उडत गेला तर सुमारे ३३ किलोमीटर. एवढंच? पण मधला रंग बघा. सगळा तपकिरी! मोठमोठे डोंगर, अवघड घाट आणि जावळीचं दाट रान. महाराज वाईला गेले नाहीत, त्यांनी खानालाच जावळीत बोलावलं. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला. मावळे रानात लपलेले होते, खानाच्या फौजेला पळायलाही मोकळी वाट नव्हती. महाराजांची युक्ती पुस्तकात वाचली होती, ती नकाशात डोळ्यांना दिसली.

त्याच तपकिरी रंगातून एक निळी रेघ निघते. ती कोयना नदी. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरला उगम पावतात. कोयना डोंगराच्या कडेकडेने दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या वळणाच्या अलीकडेच कोयना धरण आहे. तिथेच का? कारण तिथे दोन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि पाऊस धो धो पडतो. धरणामागे शिवसागर जलाशय नकाशात लांबच लांब निळा दिसतो. त्याचं पाणी डोंगरातल्या बोगद्यातून खाली कोकणात पोफळीला सोडतात आणि त्यावर वीज तयार होते.

याच भागात ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे मोठा भूकंप झाला. कोयनानगरची घरं पडली. सुमारे १८० माणसं दगावली. धरणाला तडे गेले, पण धरण फुटलं नाही. नंतर ते आणखी भक्कम केलं. माझी आजी तेव्हा लहान होती. ती म्हणते, फळीवरची भांडी धडाधड पडली आणि सगळी माणसं अंगणात पळाली. त्यानंतरही इथे लहान-मोठे धक्के बसत आले आहेत. शास्त्रज्ञांनी प्रत्येक धक्क्याचा ठिपका नकाशावर मांडला. बहुतेक ठिपके कोयना आणि वारणा या दोन धरणांच्या परिसरात एका लहानशा पट्ट्यात पडले. धरणात साठलेल्या पाण्याचा या धक्क्यांशी संबंध आहे, हे त्यांना त्यावरून समजलं.

डोंगराचा चढ किती उभा आहे, हेही नकाशात कळतं. गुरुजींनी अर्धा बटाटा पालथा ठेवला आणि त्याच्या आडव्या चकत्या केल्या. एकेक चकती कागदावर ठेवून आम्ही पेन्सिल फिरवली. एकात एक गोल तयार झाले. त्यांना समोच्च रेषा म्हणतात. रेषा दूर दूर असल्या तर जमीन सपाट. रेषा अगदी जवळ जवळ आल्या तर उभा चढ.

२०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. ते पाणी जागेवरच थांबलं असतं तर माझ्या मांडीपर्यंत आलं असतं! तेव्हा पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. ही गावं डोंगराच्या कुशीत आहेत. रेषा जवळ आणि त्यांच्याखाली घरं, असं नकाशात दिसलं की पावसाळ्यात सावध राहायला हवं.

पण मोठ्या नकाशात आपली वाडी नाही. म्हणून आमच्या वर्गाने वाडीचा नकाशा काढून या लेखाशेजारी लावला आहे. ओढा निळा, डोंगर तपकिरी. ओढ्याचं पाणी जिथे रस्त्यावर येतं, तिथे लाल फुली आहे. सगळ्यांनी जमायची मोकळी जागा हिरव्या गोलात आहे.

आईवडिलांना आणि आजीआजोबांना एक विनंती. पूर्वी पाणी कुठपर्यंत आलं होतं, दरड कुठे पडली होती, हे तुम्हाला आठवतं. कुठे जमिनीला भेग पडली असेल, झाड कललं असेल किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं असेल, तर तेही सांगा. शेजारी दोरीला लाल पेन्सिल बांधली आहे. आमच्या नकाशावर खूण करूनच घरी जा.

– इयत्ता ४ थी