१९ वेळा १ : नक्षी आणि सिद्धता

मंडळी, आपलं रोहा स्टेशन सरहद्दीवरचं. मध्य रेल्वे इथं संपते, कोकण रेल्वे इथून सुरू होते. आजचा विषयही आपण स्टेशनापासूनच सुरू करू. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्यांच्या एका कुळाला 'डेम्लो' नाव दिलं, ते जी. आय. पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनावरून.

११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. ११११ चा १२३४३२१. आपल्याला वाटतं, कळलं! पण १ हा अंक दहा वेळा लिहून वर्ग करा : १२३४५६७९००९८७६५४३२१. हातचे आले, चढताना ८ गायब झाला, नक्षी मोडली. नऊ दाखले जुळले म्हणजे दहावा जुळेलच, असं नाही.

आता प्रश्न असा, की नुसत्या १ च्या या संख्यांपैकी मूळ संख्या कोणत्या? ११ मूळ आहे. सहा वेळा १ घेतला तर १११×१००१ असे अवयव लगेच पडतात. म्हणजे १ किती वेळा आला, तो आकडा स्वतः मूळ हवा. पण तेवढं पुरत नाही. १११ म्हणजे ३×३७, ११११११ला एक १ कमी केला की ४१×२७१, सात वेळा १ म्हणजे २३९×४६४९. ११, १३, १७ वेळाही तेच. अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. आम्ही तत्त्वज्ञानवाले हा फरक वर्षानुवर्षं शिकवत आलो. इथं तो बोटावर मोजता येतो.

१९ वेळा १ लिहिला, की मात्र मूळ संख्या मिळते : ११११११११११११११११११११ मधला शेवटचा १ पुसा, ती ही. खात्री कशी करायची? वर्गमूळ सुमारे १०५ कोटी. तिथपर्यंतचे भाजक तपासायचे. पण फर्माचा सिद्धांत मदतीला येतो. या संख्येची ९ पट म्हणजे १० चा १९ वा घात वजा १. अंकांची बेरीज १९, म्हणून ३ चा भाग जात नाही. मग कोणताही मूळ भाजक ३८ च्या पटीहून १ नं जास्तच असणार. तपासायचे उमेदवार उरले पावणेतीन कोटींच्या आसपास. काम संपलं नाही, पण आवाक्यात आलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली महाकाय मूळ संख्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, दशमान पद्धतीत ४,१०,२४,३२० अंकी आहे. द्विमान पद्धतीत लिहिली तर तीही नुसत्या १ ची!

अशा मूळ संख्या अनंत आहेत का? दशमानात काय, द्विमानात काय, अजून सिद्ध झालेलं नाही. तोवर आपण 'वाटतं' म्हणू, 'माहीत आहे' म्हणणार नाही. घरी गेल्यावर ११ वेळा १ लिहा आणि २१६४९ नं भागून बघा. बाकी शून्य येते. आमच्या सांगण्यावर जाऊ नका, भागाकार करा.